१९६७ची फियाट डिलाइट, खाऱ्या वाऱ्याने पत्रा पार खाल्लाय, घरीच उभी करायचीय

खळ्यातला (धागाकर्ता) · १६ नोव्हेंबर

नमस्कार मंडळी. रत्नागिरीपासून तासाभरावर आमचं गाव, घरापासून समुद्र दीड किलोमीटर पण नाही. मांगरात आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, १९६७ची फियाट ११०० डिलाइट १९९९ पासून उभी आहे. मुंबईला नोकरीत असताना त्यांनी सेकंडहँड घेतलेली, दर गणपतीला आम्ही पाच जण आणि वर कॅरियरला बांधलेल्या ट्रंका असं गावाला यायचो, घाटात आप्पा गाडी थांबवून बॉनेट उघडून ठेवायचे आणि आई तेवढ्यात डबा उघडायची. आप्पा दोन वर्षांपूर्वी गेले. आई म्हणते विकायची नाही, मलाही विकायची नाहीये.

दिवाळीत मांगरातली लाकडं बाजूला करून गाडी नीट बघितली. वरून तितकी वाईट दिसत नाही पण स्क्रूड्रायव्हरने टोचत गेलो तर रडू यायचं बाकी राहिलं. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा नाहीच, मॅट उचललं की जमीन दिसते. डाव्या बाजूचा दरवाजाखालचा उंबरा (ह्याला सिल म्हणतात ना?) हाताने दाबला तर पापडासारखा मोडला. डिकीचा तळ चाळण. चारही दरवाजे खालून चार बोटं खाल्लेले. छत, बॉनेट, डॅशबोर्ड चांगले आहेत. इंजिन जाम आहे.

जवळच्या एका गॅरेजवाल्याने सांगितलं तीन आठवड्यांत चकाचक करून देतो, भोकांत जाळी लावून लांबी (पत्र्याचे खड्डे बुजवायची पुटी) भरायची आणि रंग मारायचा. दुसरा म्हणाला भंगारात घाला. मला दोन्ही पटलं नाही. माझ्याकडे एक ४ इंची ग्राइंडर आहे, शनिवार-रविवार आहेत आणि शेजारच्या गावात ग्रिलचं काम करणारा एक मित्र आहे ज्याच्याकडे सीओटू वेल्डिंग मशीन आहे. सुरुवात कुठून करू?

दहाचा_पाना · १६ नोव्हेंबर

जाळी आणि लांबीला नाही म्हणालात हे फार बरं केलंत. माझ्याकडे डुक्कर फियाट आहे, पुढचे दरवाजे उलटे उघडणारी, पाच वर्षं घरच्या पार्किंगमध्ये काम करून उभी केली, त्यामुळे जे सांगतोय ते हाताला लागून शिकलेलं आहे.

पहिली गोष्ट, गाडी आत्ता ओढू नका आणि मधोमध जॅक तर अजिबात लावू नका. ह्या गाडीला जीपसारखी वेगळी चासी नसते, बॉडी हीच चासी. तुम्ही ज्याला उंबरा म्हणताय तोच गाडीचा कणा आहे, दोन्ही बाजूचे उंबरे आणि मधला बोगदा (तळाचा मधला उंचवटा) मिळून पुढची चाकं आणि मागची चाकं एकमेकांना धरून ठेवतात. तो कुजलेला असताना मधे उचललीत तर गाडी मधून वाकते आणि मग दरवाजे आयुष्यात बसत नाहीत. आणि लांबी भरलेल्या उंबऱ्याची गाडी रस्त्यावर आणणं म्हणजे घरच्यांचा जीव धोक्यात घालणं आहे, हे मी अगदी गंभीरपणे सांगतोय.

तर आधी घोड्या (गाडी उचलून टेकवायचे लोखंडी स्टँड) आणा, चार. मागे ॲक्सलखाली आणि पुढे सस्पेन्शन जिथे बॉडीला बोल्ट होतं तिथे, म्हणजे वजन जसं चाकांवर असतं तसंच राहील. जमीन मातीची असेल तर खाली चिरे बसवून लेव्हल करून घ्या, पाण्याची नळी वापरून चारही कोपरे एका उंचीत आणा. मग दरवाजाच्या चौकटींमध्ये एक इंची चौकोनी पाइप आडवा आणि तिरका टॅक करून (वेल्डिंगचे छोटे टाके मारून) टाका, दोन्ही बाजूंनी, आणि उजवी-डावी जोडणारा एक. हे सगळं झाल्याशिवाय ग्राइंडरला हात लावायचा नाही. कापताना एकच बाजू, ती पूर्ण वेल्ड होऊन थंड झाली की मग दुसरी.

आणि कापायच्या आधी दरवाजांच्या फटी मापून भिंतीवर लिहून ठेवा. मी नाही लिहिल्या आणि मला उजवा उंबरा दोनदा करावा लागला.

रसायनवाली · १७ नोव्हेंबर

मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, गाड्यांतलं फार कळत नाही पण गंजातलं कळतं. गंज धरायला लोखंड, ऑक्सिजन आणि पाणी एवढंच लागतं, मीठ स्वतः गंज करत नाही पण पाण्यातून वीज वाहणं सोपं करतं म्हणून तीच क्रिया कितीतरी वेगाने होते. शिवाय मीठ हवेतला ओलावा ओढून धरतं म्हणून पाऊस नसतानाही तुमच्याकडे पत्रा ओलाच असतो. आणि गंज मूळ लोखंडापेक्षा बरीच जास्त जागा घेतो, त्यामुळे दोन पत्रे जिथे एकावर एक स्पॉट वेल्ड केलेले असतात तिथे आत गंज झाला की जोड फुगून उघडतो आणि आणखी पाणी आत जातं. म्हणून रंग मारायच्या आधी सगळं गोड्या पाण्याने धुवून मीठ काढणं फार महत्त्वाचं, नाहीतर नव्या रंगाखाली तेच मीठ परत काम सुरू करतं. धुतल्यावर लगेच वाळवायचं मात्र.

छोटे पार्ट (बिजागऱ्या, ब्रॅकेट, बोल्ट, सीटचे रूळ) घासत बसू नका, इलेक्ट्रोलिसिस करा. प्लॅस्टिकचा टब, लिटरला साधारण १० ते १५ ग्रॅम धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जर. गंजलेला पार्ट निगेटिव्हला, भंगारातली साधी सळई पॉझिटिव्हला. उलटं लावलंत तर तुमचाच पार्ट विरघळेल. रात्रभरात गंज काळा होऊन सुटतो, ब्रशने निघतो, आणि चांगलं लोखंड जात नाही. तीन गोष्टी पाळा: सळई स्टेनलेस स्टीलची घेऊ नका कारण त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं, टब उघड्यावर ठेवा कारण हायड्रोजन सुटतो आणि तो पेटतो, आणि स्प्रिंगा किंवा कडक पोलादाचे पार्ट ह्यात किंवा ॲसिडमध्ये टाकू नका, हायड्रोजन आत शिरून ते ठिसूळ होतात.

ज्याला वीज नको त्याने काकवी वापरावी. एक भाग काकवी, नऊ भाग पाणी, दोन आठवडे बुडवून ठेवायचं. वास येतो, वर फेस येतो, पण गंज इतका स्वच्छ निघतो की बघत राहावं. ॲल्युमिनियम मात्र ह्यात घालू नका, खाल्लं जातं, म्हणजे कार्बोरेटर अजिबात नाही.

काळीपिवळी · १७ नोव्हेंबर

माझे बाबा कुर्ल्यात टॅक्सींचं पत्र्याचं काम करायचे, भारतात ह्या फियाट बनवणाऱ्या प्रीमियर कंपनीचा कारखानाही कुर्ल्यालाच होता, आणि लहानपणी शाळेतून आलो की दुकानातच बसायचो, तेव्हा डिलाइट आणि पद्मिनीचे उंबरे किती बदलले असतील त्याला मोजदाद नाही. तुमची डिलाइटच पुढे बदल होत होत पद्मिनी झाली, इंजिन तेच १०८९ सीसी, आतली बरीच मोजमापं तीच, त्यामुळे बरेच पार्ट एकमेकांचे चालतात. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली तेव्हा बाबा दिवसभर कोणाशी बोलले नाहीत.

पत्र्याबद्दल. गॅल्व्हनाइज्ड पत्रा घ्यायचा मोह होईल, घेऊ नका, वेल्डिंग करताना जस्ताचा धूर छातीत जातो आणि रात्री थंडी वाजून ताप भरतो. सीआरसीए (जस्त न चढवलेला साधा) पत्रा घ्या, तळाला २० गेज आणि उंबऱ्याला त्याहून जाड, १८ गेज. मित्राचं मशीन ग्रिलसाठी सेट केलेलं असणार, त्याला सांगा वायर ०.८ मिलीमीटरची घाल आणि करंट कमी कर. आणि सलग शिवण मारायची नाही! एक टाका इथे, पुढचा एक फुटावर, तिसरा दुसऱ्या टोकाला, हात लावून बघायचं, गरम असेल तर थांबायचं. सलग मारलंत की पत्रा लाटेसारखा होतो.

कुठपर्यंत कापायचं? बाबांचा नियम, गंज संपला असं वाटतं तिथून पुढे दोन बोटं. पातळ झालेल्या पत्र्यावर वेल्ड टिकत नाही, भोक पडतं, मग त्या भोकाला अजून मटेरियल, असं करत करत कागदावर कागद चिकटवल्यासारखं होतं. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापायचा, बसवून बघायचा, मग पत्रा.

पेट्रोलची टाकी आजच उतरवा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक, आत वाफ असते. सीट पण काढा, जुना काथ्या ठिणगीने आतल्या आत धुमसत राहतो आणि अर्ध्या तासाने पेट घेतो. पाण्याची बादली आणि एक माणूस फक्त बघायला. हे बाबांनी सांगायला लावलंय.

समृद्धी_एक्सप्रेस · १९ नोव्हेंबर

एवढा कुटाणा कशाला, अख्खी बॉडी सँडब्लास्टिंगला द्या, दोन दिवसांत चांदीसारखी होऊन येते. मी बुलेटची फ्रेम केली होती, एक नंबर काम.

दहाचा_पाना · १९ नोव्हेंबर

बुलेटची फ्रेम जाड नळीची असते, तिला चालतं. गाडीच्या छताला, बॉनेटला, दरवाजाला जोरात वाळू मारली तर पत्रा ताणला जाऊन फुगतो, मग कोणीही डेंटर सरळ करू शकत नाही. आणि वाळू उंबऱ्याच्या, खांबांच्या आत जाऊन बसते आणि तिथे ओलावा धरून ठेवते. सस्पेन्शनचे आर्म, व्हील डिस्क, ॲक्सल हे जरूर ब्लास्टिंगला द्या. मोठ्या पत्र्याला रंग काढायचं केमिकल आणि वायर ब्रशच बरा. ग्राइंडरला ब्रश लावताना नुसता चष्मा पुरत नाही, पूर्ण तोंड झाकणारं शील्ड लावा, तारा सुटून उडतात.

खळ्यातला · ११ जानेवारी

मंडळी, उशीर झाला पण काम थांबलेलं नाही. चिरे लावून लेव्हल केली, घोड्यांवर घेतली, पाइप टॅक केले. फटी मांगराच्या दारामागे खडूने लिहिल्या आहेत, आईने त्यावर कोणी हात फिरवू नये म्हणून प्लॅस्टिक ठोकलं.

डावा उंबरा कापला. आतून जे निघालं त्याचं वजन केलं, साडेतीन किलो. नुसता गंज नाही, माती, आंब्याची पानं आणि उंदराने नेलेली भाताची तुसं. उंबऱ्याला खाली पाणी जायला भोकं असतात ती पूर्ण बुजलेली, म्हणजे पावसाचं पाणी आत यायचं आणि तिथेच राहायचं. दरवाजांचंही तेच, काचेच्या फटीतून पाणी आत उतरणारच, ते खालच्या भोकांतून गेलं पाहिजे, आणि ती भोकं कधीतरी कोणीतरी गाडीला डांबरी अंडरकोट मारताना बंद करून टाकलेली. गाडी खाऱ्या वाऱ्याने खाल्ली असं मी धाग्याच्या नावात लिहिलंय पण आता वाटतं निम्मं काम ह्या बुजलेल्या भोकांनी केलं.

इंजिनचं सांगतो. प्लग काढले, चारही सिलिंडरमध्ये डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं) तेल अर्धं अर्धं ओतलं, रोज थोडं. नवव्या दिवशी पुलीच्या नटावर लांब पाना लावून अलगद मागेपुढे केलं आणि हललं. जोर अजिबात लावला नाही. त्या दिवशी आईने शिरा केला.

आता प्रश्न. डाव्या उंबऱ्याच्या आत अजून एक मधला पत्रा निघालाय, तोही खालून गेलाय. तो परत करायचा का नुसता बाहेरचा बसवू? मित्र म्हणतो बाहेरचा जाड घेऊ, काम होईल.

काळीपिवळी · ११ जानेवारी

मधला करायचाच. उंबऱ्याची ताकद पत्र्याच्या जाडीत नाही, तीन पत्रे मिळून जी पेटी बनते त्या पेटीत आहे. बाहेरचा जाड घेतलात तर वजन वाढेल आणि पीळ घेण्याची ताकद तितकी येणार नाही. बाबांना फोटो दाखवला, म्हणाले मुलगा बरोबर चाललाय, त्याला सांग मधल्याला जोडाजवळ जिंकचा प्रायमर मार, वेल्ड होणारी जागा सोडून. आणि बाहेरचा पक्का करायच्या आधी दोन्ही दरवाजे लावून बघ.

रसायनवाली · १२ जानेवारी

साडेतीन किलो! ती माती फेकायच्या आधी जिभेला लावून बघायची गरज नाही :) पण खारट असणारच. आतून पेटी बंद करण्याआधी गोड्या पाण्याने धुवा, उन्हात दोन दिवस वाळू द्या.

प्रायमरबद्दल एक सांगते कारण इथे चूक फार होते. लाल ऑक्साइड मारून महिनाभर तशीच गाडी ठेवतात, तो थर सच्छिद्र असतो, दमट हवेत त्यातून पाणी आत जातं आणि खालून गंज सुरू होतो. उघड्या पत्र्यावर दोन भागांचा एपॉक्सी प्रायमर मारा, तो पाणी अडवतो. लांबी लावायची असेल ती एपॉक्सीच्या वर, पातळ. आणि हे सगळं मार्च-एप्रिलमध्ये संपवा. पावसाळ्यात घासलेला पत्रा तासाभरात पिवळा पडतो.

टोरांटोकर · १५ जानेवारी

धागा वाचून राहवलं नाही. इथे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, दहा वर्षांच्या गाड्यांचे उंबरे जातात, त्यामुळे तुमची कोकणातली अडचण मला इथे रोज दिसते. इथली पद्धत सांगतो, दर शरद ऋतूत पोकळ भागांत पातळ तेल किंवा मेण फवारून घेतात, ते जोडांत झिरपत जातं आणि पाणी आत येऊ देत नाही. सुकून कडक होणारं कोटिंग नाही, ओलं राहणारं. कडक कोटिंगला तडा गेला की त्याच्याखाली पाणी अडकतं, तुमच्या डांबराचं तेच झालं.

तुम्ही उंबऱ्याला आतून फवारायला एक एक भोक ठेवा, रबरी बूच लावा, वर्षातून एकदा पुन्हा मारता येईल. माझ्या बाबांची पण डिलाइट होती, दादरला, विकली तेव्हा मी सात वर्षांचा होतो, तुमचे फोटो रोज उघडून बघतो.

कागदपत्रे_बघून_घ्या · २ फेब्रुवारी

पत्र्याचं छान चाललंय पण कागदांचं काय? आरसी वडिलांच्या नावावर असेल तर आधी वारस म्हणून नावावर करा, फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती. ते झाल्याशिवाय पुढचं काहीच होत नाही.

मग दोन रस्ते. २०२१च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, खाजगी, चासी-बॉडी-इंजिनमध्ये मोठा फेरफार न केलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षं मुदत, नंबरात व्हीए येतं. जुना नंबर असलेल्यांना तो ठेवता येतो. पण व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला चालवता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कामालाच. दुसरा रस्ता म्हणजे नेहमीचं नूतनीकरण, फॉर्म २५, गाडी आरटीओत नेऊन तपासणी, पाच वर्षांची मुदत, शिवाय पर्यावरण कर. तुम्हाला गणपतीला चालवायची आहे ना? मग दुसराच बघा. गाडीत बदल करू नका, इंजिन नंबर आणि चासी नंबरच्या जागेवर ग्राइंडर किंवा रंग जाऊ देऊ नका, तिथे टेप लावून ठेवा.

खळ्यातला · ३ फेब्रुवारी

खूप आभार, चासी नंबरच्या पट्टीवर मी परवाच वायर ब्रश फिरवणार होतो. आता टेप लावली. हो, चालवायचीच आहे.

मेकॅनिक_नाही_पण · २० फेब्रुवारी

ब्रेक विसरू नका कोणी. चारही चाकांना ड्रम आहेत, वीस-पंचवीस वर्षं उभी म्हणजे मास्टर सिलिंडर आणि चाकातले सिलिंडर आतून गंजलेले असणार, नुसतं रबर किट बदलून भागणार नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, ती धूळ फुंकर मारून किंवा कॉम्प्रेसरने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. पेट्रोलचे सगळे रबरी पाइपही बदला, आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ते जुनं रबर मऊ करतं आणि पाणी ओढतं, टाकी परत गंजायला वेळ लागत नाही. गाडी उभी ठेवायची असेल तेव्हा टाकीत पेट्रोल साठवू नका.

आणि टू-के (हार्डनर मिसळायचा दोन भागांचा) रंग घरी मारणार असाल तर थांबा. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, एकदा त्याची ॲलर्जी बसली की दमा कायमचा मागे लागतो. रुमाल किंवा कोरोनाचा मास्क उपयोगाचा नाही. रंगाचं काम बूथ असलेल्या माणसाकडे द्या, तिथे पैसे वाचवू नका.

खळ्यातला · ४ मे

दोन्ही उंबरे झाले. तळ झाला, डिकी झाली. चार दरवाज्यांचे खालचे भाग काळीपिवळींच्या बाबांनी स्वतः कुर्ल्यातून पत्रा वळवून पाठवले, पैसे घेतले नाहीत, मी पेटी आंबे पाठवले पण ते काही त्याची भरपाई नव्हे. काका, तुम्ही गणपतीला यायचंच आहे.

आधारासाठी लावलेले पाइप कापताना माझा हात थरथरत होता. शेवटचा टॅक सुटला तेव्हा मी कान लावून बसलेलो, काही आवाज नाही, काही हललं नाही. मग दारामागचं प्लॅस्टिक उचलून आकडे बघत फटी मापल्या. डावीकडे मागचा दरवाजा दोन मिलीमीटरने वेगळा, बाकी सगळं होतं तिथेच. दरवाजा लोटला तर आप्पा लावायचे तसाच आवाज आला, आई आतून बाहेर आली.

एपॉक्सी मारून झाला आहे. रंग रत्नागिरीत बूथवाल्याकडे, पावसाआधी नाही जमणार. पुढची-मागची काच नवीन रबर घालून तात्पुरती बसवली आहे.

दहाचा_पाना · ४ मे

दोन मिलीमीटर म्हणजे काहीच नाही, कारखान्यातून येताना ह्याहून जास्त असायच्या. बिजागरीला एक वॉशर. फार फार छान काम केलंत.

पाऊस सुरू झाला की आत सगळीकडे वर्तमानपत्र अंथरा आणि काचेवर पाणी ओता, कुठून गळतंय ते कागदावर लगेच दिसतं. सीट-मॅट बसवायच्या आधी हे कराच.

खळ्यातला · १२ जून

काल दुपारी पहिला चांगला पाऊस झाला. गाडी ढकलून खळ्यात आणली, आत पेपर अंथरले, दीड तास पावसात ठेवली, वरून काचेच्या कडेने दोन बादल्या ओतल्या. मी खाली आडवा पडून बघत होतो. चारही दरवाज्यांच्या भोकांतून पाणी धारेने बाहेर येत होतं, मागच्या डाव्यातून थोडं हळू, तार घालून मोकळं केलं. उंबरे कोरडे. पुढच्या काचेच्या उजव्या कोपऱ्यात तळहाताएवढा पेपर ओला झालाय, तिथलं रबर परत बसवतो. बाकीचे पेपर आईने उचलून घडी करून ठेवले.